माळावरच्या किड्यांसाठी लांबूनचा मॅक्रो: ५५-२५० ला स्वस्तात काय जोडावं?

खडीक्रशर

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

कॅमेरा कॅनन १५००डी. सोबत आलेल्या दोन्ही लेन्स आहेत, १८-५५ आणि ५५-२५० आयएस टू. राहायला जुळे सोलापूर. फिरणं म्हणजे विजापूर रोडचं वनविहार, संभाजी तलाव, आणि गाडीत पेट्रोल असलं तर तुळजापूर रोडला हिप्परगा. पक्ष्यांच्या मागं लागून झालं, २५० पुरत नाही. म्हणून आता खाली बघायला लागलोय. खाली लई काय काय आहे.

अडचण अशी की १८-५५ नं मोठं काढायचं तर पार नाकाला नाक लावावं लागतं. तोवर फुलपाखरू उडालेलं असतं, सरडा बिळात, आणि थांबलाच एखादा तर त्याच्यावर माझीच सावली. म्हणजे मला मॅक्रो पाहिजे, किडा फ्रेमभर मोठा, पण लांबून. नेटवर शोधलं तर १८० मिलिमीटरच्या मॅक्रो दिसल्या. किंमत बघून टॅब बंद केला.

बजेट पंधरा हजार, ताणून अठरा. डोक्यात चार पर्याय आहेत: एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी), लेन्सच्या तोंडावर लावायच्या त्या चार काचांचा क्लोजअप फिल्टरचा सेट, टॅमरॉनची ७०-३०० जिच्यावर 'मॅक्रो' लिहिलंय ती, किंवा वापरलेली ९०-१०० ची खरी मॅक्रो. काय करू?

चाटीगल्ली

पंधरा हजारात मॅक्रो होय? पंधरा हजारात आमच्याकडं घरभर चादरी आणि वर्षभराची शेंगाचटणी होते, वर पैसे उरतात.

चालू द्या. मी खुर्ची ओढून बसलोय.

हिप्परगेकर

खडीक्रशर, स्वागत. आधी एक सांगा, 'खाली लई काय काय' म्हणजे नेमकं काय? रुईवरचं फुलपाखरू सात-आठ सेंटिमीटरचं, मृगाचा किडा एका सेंटिमीटरच्या आसपास, आणि मुंगीच्या डोळ्याचा फोटो हवा असेल तर ती तिसरीच गोष्ट. एक सेटअप तिन्हीला पुरत नाही. काय काढायचंय ते आधी, लेन्स नंतर.

खडीक्रशर

काका, मुख्य म्हणजे फुलपाखरं, चतुर, टाचण्या (चतुरासारख्याच पण बारीक), सरडे. आणि जूनमध्ये ते लाल मखमली मृगाचे किडे. मुंगीचा डोळा एवढ्यात नको.

भिंगवाला

मग काम सोपं आहे. थोडं गणित करू, सातवीचं आहे, घाबरू नका.

लेन्सच्या तोंडावर क्लोजअप काच लावली आणि लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, की किडा काचेपासून किती लांब हवा हे फक्त त्या काचेच्या पॉवरवर ठरतं. पॉवर मोजतात डायॉप्टरमध्ये. १००० भागिले डायॉप्टर, उत्तर मिलिमीटरमध्ये. झूम ५५ वर असू दे नाहीतर २५० वर, अंतर तेच. झूमनं बदलतं ते मोठेपण, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराच्या किती पट उमटतो ते: फोकल लेंथ (झूमचा आकडा, ५५ ते २५०) गुणिले डायॉप्टर, भागिले १०००.

आता तुमच्या २५० ला लावून बघा.

दोन डायॉप्टरची काच (कॅननची ५००डी क्लोजअप लेन्स): किडा ५० सेंटिमीटरवर, मोठेपण ०.५ पट. तुमचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद, म्हणजे फ्रेममध्ये साडेचार सेंटिमीटरचा पट्टा मावतो.

४.८ डायॉप्टरची (रेनॉक्स डीसीआर-१५०): किडा २१ सेंटिमीटरवर, मोठेपण १.२ पट. फ्रेममध्ये दोन सेंटिमीटरपेक्षा थोडं कमी. हा खऱ्या मॅक्रोच्याही पुढचा आकडा झाला.

८ डायॉप्टरची (रेनॉक्स डीसीआर-२५०): साडेबारा सेंटिमीटरवर २ पट. फ्रेम अकरा मिलिमीटर.

आणि ज्या १८० चा टॅब बंद केला, तिचं बघा. कॅननची १८० एफ/३.५ एल एकास एकला (मोठेपण १ पट) सेन्सरपासून ४८ सेंटिमीटरवर फोकस होते. त्यातून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा केली की पुढं उरतात चोवीसेक सेंटिमीटर. कॅननच्या साध्या १०० एफ/२.८ मॅक्रोला पंधराच्या आसपास. तुमच्या ५५-२५० ला डीसीआर-१५० लावली की एकवीस. तीन सेंटिमीटरसाठी माणसं किती पैसे मोजतात ते तुम्हीच बघितलंय.

फुकट काही नाही, हेही सांगतो. कोपरे थोडे मऊ येतात. आणि फोकसची मुभा फार थोडी: डीसीआर-१५० लावल्यावर साधारण सतरा ते एकवीस सेंटिमीटर एवढ्यातच फोकस होतो. त्याच्या अलीकडं-पलीकडं सगळं धुकं. समोरून पक्षी गेला तर काच काढल्याशिवाय काही मिळणार नाही.

सध्या_पुण्यात

भिंगवाला, आकडे बरोबर, पण नवीन माणसाला जुगाड शिकवू नका. वापरलेली टॅमरॉन ९० घ्या, जुनी २७२ई. एकास एक मिळतं, अनंतापासून जवळपर्यंत अखंड फोकस होतो, काच काढा-घाला नाही, कोपऱ्यापर्यंत धारदार. वर पोर्ट्रेटला एफ/२.८ मिळतं. शोधली तर खडीक्रशरच्या बजेटच्या आसपास सापडेल. आज क्लोजअप काच घेतील आणि सहा महिन्यांनी मॅक्रोच घेतील. दोनदा खर्च.

रुईचं_फूल

सध्या_पुण्यात, ती लेन्स माझ्याकडे आहे आणि चांगलीच आहे, वाद नाही. पण खडीक्रशरचा प्रश्न लांबून काढायचा आहे. ती ९० जवळ फोकस करताना स्वतःच पुढे सरकत येते. एकास एकला काचेपुढे दहाएक सेंटिमीटर उरतात. हूड लावलं तर त्याहून कमी. फुलावर चिकटून बसलेला नाकतोडा चालतो, टाचणीसुद्धा पहाटे चालते. दुपारी बाराला प्लेन टायगर फुलपाखराजवळ दहा सेंटिमीटरवर जाऊन दाखवा, मी चहा पाजेन.

तुमच्या घराच्या कुंडीत ती लेन्स उत्तम. आमच्या माळावर दीड हात अंतर पाहिजे.

चाटीगल्ली

काय बे पुणेकर, चहाची पैज हरलास तर इथं येऊन प्यायला लागतोय. तिकडचा कटिंग चालणार नाही.

हिप्परगेकर

वाद चांगला चाललाय, त्यात ट्यूबचा प्रश्न राहिला. खडीक्रशर, २५० ला एक्स्टेंशन ट्यूब लावू नका. ट्यूबनं वाढणारं मोठेपण म्हणजे ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंथ. ३६ मिलिमीटरची ट्यूब ५० च्या लेन्सला ०.७२ देते, २५० ला जेमतेम ०.१४. म्हणून ट्यूब छोट्या लेन्सचं काम, क्लोजअप काच लांब लेन्सचं. ५० एफ/१.८ ला ट्यूब लावून एकास एकच्या जवळ जाता येतं, पण पुढं उरतं बोटभर अंतर.

आणि घेतलीच कधी तर पिना असलेली घ्या. बिनपिनांच्या स्वस्त ट्यूबवर कॅननची लेन्स पूर्ण उघडीच राहते, अपर्चर (उजेड आत सोडणारं भोक; एफ आकडा मोठा तितकं ते लहान) बदलायला कॅमेऱ्याचा हातच पोचत नाही.

भिंगवाला

चार काचांच्या सेटबद्दल दोनच ओळी. त्यातली प्रत्येक काच एकेरी असते. एकेरी काच लाल आणि निळा रंग वेगवेगळ्या ठिकाणी फोकस करते, म्हणून पांढऱ्या फुलाच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते, आणि २५० वर ती ठळक दिसते. अ‍ॅक्रोमॅटमध्ये दोन वेगळ्या जातींच्या काचा एकत्र बसवलेल्या असतात, एकीचा रंगदोष दुसरी खाऊन टाकते. कॅननची ५००डी दोन काचांची, रेनॉक्सच्या दोन्ही तीन काचांच्या. मारुमीच्या डीएचजी अ‍ॅक्रोमॅट पण चांगल्या, २०० म्हणजे ५ डायॉप्टर आणि ३३० म्हणजे ३. सेटवाला +१० तर पेपरवेट म्हणून वापरा.

शोधताना 'क्लोजअप लेन्स ५००डी' असं पूर्ण टाका, नाहीतर त्याच नावाचा २००९ चा कॅमेरा समोर येतो. एका दुकानात मला तो कपाटातून काढूनसुद्धा दाखवला होता.

गवती_चहा

७०-३०० बद्दल मी सांगतो, बरीच वर्षं वापरली. टॅमरॉनची ती साधी डीआय एलडी, बाजूला मॅक्रोचा खटका असतो. खटका चालतो १८० ते ३०० मधेच. ३०० ला ९५ सेंटिमीटरवरून अर्धं मोठेपण मिळतं. सिग्माची ७०-३०० एपीओ पण तशीच, फक्त तिचा खटका २०० पासून.

चांगलं काय: काहीही न लावता, लांबून, ०.५ पट. सरडा, खार, दबकून बसलेला चतुर यांना मस्त. वाईट काय: आयएस, म्हणजे हात हलल्याचा दोष सावरणारी सोय, नाही. ३०० वर, आपल्या लहान (क्रॉप) सेन्सरवर, हातात धरून, वाऱ्यात. शटर १/५०० च्या खाली नेलं की हललंच. आणि उन्हातल्या चकचकीत कडांना जांभळट झाक येते, एफ/८-११ वर कमी होते.

आता खडीक्रशर, भिंगवाल्यांचा हिशोब परत वाचा. दोन डायॉप्टरची काच लावून तुमची आहे तीच लेन्स ०.५ देते, आणि वर आयएस आहे. मग लेन्स बदलून नवीन काय मिळालं? थोडं जास्तीचं अंतर. बस्स.

खडीक्रशर

अरे वा. म्हणजे लेन्स आधीच घरात आहे, फक्त चष्मा लावायचाय तिला.

पण दोन शंका. एक, माझ्या लेन्सचा पुढचा भाग फोकस करताना गोल फिरतो. काच लावून चालेल? दोन, ५००डी घेऊ की १५०? दोन्ही एकदम जमणार नाही, फ्लॅश पण घ्यायचा आहे.

भिंगवाला

फिरू दे. काच गोलच आहे, फिरल्यानं काही बिघडत नाही. तसंही मॅक्रोला एमएफ (मॅन्युअल फोकस) करून ठेवायचं, फोकस रिंगला हात लावायचा नाही. झूमनं मोठेपण ठरवायचं आणि स्वतः पुढं-मागं झुलून फोकस पकडायचा. रेनॉक्सला स्प्रिंगवाली क्लिप असते, ५२ ते ६७ च्या तोंडावर बसते, तुमचं तोंड ५८ चं. ५००डी ५८ मध्ये मिळते, ती पेचानं बसते. झूम ५५ कडं आणला की रेनॉक्सच्या कडा काळ्या दिसतील. घाबरू नका, तिकडं जायचंच नाही.

कुठली घ्यायची? मोठी फुलपाखरं आणि सरडेच असतील तर दोन डायॉप्टर. प्लेन टायगर पंख पसरून बसला तर डीसीआर-१५० च्या फ्रेममध्ये मावणारच नाही, झूम मागं घ्यावा लागेल, तो घेता येतो. मृगाचा किडा, टाचणीचे डोळे, छोटी निळी फुलपाखरं, उड्या मारणारे कोळी यांना १५०. एकच घ्यायची तर मी १५० म्हणेन, कारण २५० च्या टोकाशिवायही ती कामाची आहे: झूम १०५ वर आणला की तीच ०.५ देते. फक्त तेव्हाही अंतर एकवीसच राहतं, पन्नास होत नाही. डीसीआर-२५० एवढ्यात नको. जास्त विकली जाते तीच, आणि नवीन माणसं घेऊन कपाटात टाकतात तीही तीच.

रुईचं_फूल

अनुमोदन. आता थोडं उजेडाबद्दल बोलते, कारण लेन्सवर सगळे बोलतात आणि फोटो बिघडतो उजेडानं.

क्लोजअप काचेचा एक फायदा कुणी सांगितला नाही. ती उजेड खात नाही. खरी मॅक्रो एकास एकला पोचली की एफ/११ लावलं तरी सेन्सरपर्यंत येतो तो एफ/२२ एवढाच उजेड. दोन स्टॉप गेले, म्हणजे उजेड पाव उरला. काचेनं तसं होत नाही. आपल्याकडच्या सरळ उन्हात आयएसओ ४०० ला एफ/११ वर १/८०० मिळतं. माळावर वारा कधी थांबत नाही, तिथे हे दोन स्टॉप म्हणजे हललेला फोटो आणि न हललेला फोटो.

उलट बाजूही आहे. तोच एफ आकडा ठेवला तर काचेवर खोली, म्हणजे पुढं-मागं धारदार येणारा पट्टा, कमी मिळते. ०.५ पटीला एफ/११ वर दीड-पावणेदोन मिलिमीटर धारदार, १.२ पटीला मिलिमीटरचा तिसरा हिस्साही नाही. म्हणून १५० लावल्यावर एफ/१६ ला बिचकू नका. आणि लांब लेन्स म्हणजे खोली कमी, असं जे सांगतात ते मॅक्रोत खरं नाही. मोठेपण आणि सेन्सरवर पोचणारं अपर्चर तेच असेल तर खोली तीच. लांब लेन्समुळे बदलते ती पाठीमागची पार्श्वभूमी. कमी पट्टा दिसतो, म्हणून मागचा बाभळीचा काटेरी पसारा फ्रेमबाहेर जातो आणि एक सपाट पिवळा रंग उरतो. मला तर त्यासाठीच लांब लेन्स आवडते, अंतर नंतर.

पंख मिटून बसलेल्या फुलपाखराला कॅमेरा पंखांना समांतर धरायचा. समोरून काढलं तर डोळे येतील आणि पंख जातील. चतुराला बाजूनं. सरड्याला डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे पोटावर झोपून, म्हणजे आधी खालची कुसळं बघून.

फ्लॅशचं: दुपारच्या उन्हात सावल्या काळ्याकुट्ट पडतात, त्या भरायला फ्लॅश हवाच, पण नुसता नको. मी पार्सलमध्ये येणारा पांढरा पातळ फोम वापरते. फ्लॅशच्या तोंडापुढे कमान करून, काळी चिकटपट्टी लावून, पुढचं टोक लेन्सच्या तोंडाच्याही थोडं पुढं येईल असं. चतुराच्या डोळ्यात आधी फ्लॅशचा एक पांढरा टिपका दिसायचा, फोमनंतर डोळ्यांचे षटकोन दिसायला लागले. खर्च शून्य. पण तो फ्लॅशला बांधा, लेन्सला नाही, तुमच्या लेन्सचं तोंड फिरतं.

सध्या_पुण्यात

उजेडाचा मुद्दा मान्य. चहा कुठला?

रुईचं_फूल

बिनसाखरेचा.

गवती_चहा

फ्लॅश घेण्याआधी एक बघा खडीक्रशर. कॅननच्या स्वस्तातल्या काही नव्या बॉडींच्या हॉट शूमधली (फ्लॅश बसवायच्या खाचेतली) मधली मोठी पिन कंपनीनं काढून टाकली आहे, २००डी मार्क टू त्यातलाच. अशा शूवर एका पिनेचा साधा मॅन्युअल फ्लॅश पेटतच नाही. तुमच्या १५००डी चा शू डोळ्यानं बघा, मधोमध गोल पिन आहे की नाही. नसेल तर कॅननसाठीचा टीटीएल (कॅमेराच उजेड मोजून ठरवतो असा) फ्लॅश घ्या आणि पैसे द्यायच्या आधी दुकानात लावून पेटवून बघा. सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, १/२०० आहे, त्याच्या वर जायचं तर हायस्पीड सिंक असलेलाच लागेल.

डाळिंबबाग

नमस्कार. सांगोल्याकडं आमची डाळिंबाची बाग. विषय थोडा वेगळा आहे पण इथंच विचारतो. मला फोटो हौसेसाठी नको. पानावर-फुलावर काय बसलंय ते काढून तज्ज्ञाला पाठवायचंय. मोबाईलनं काढतो तर नुसते ठिपके येतात, समोरून उत्तर येतं 'फोटो स्पष्ट पाठवा'. फुलकिडे, मावा, पिठ्या ढेकूण, आणि ते फळ पोखरणाऱ्या अळीचं फुलपाखरू. भाच्याकडं १२००डी आणि ५५-२५० आहे. मी हीच काच घेऊ का?

भिंगवाला

डाळिंबबाग, तुमचं काम वेगळं आहे म्हणून उत्तरही वेगळं. पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा, तो १५० नं ओळखू येईल. फुलपाखरू आरामात. फुलकिडा मात्र एक-दीड मिलिमीटरचा. १५० च्या दोन सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये तो हरवेल. तुम्हाला डीसीआर-२५० ठीक, अकरा मिलिमीटरची फ्रेम. फुलकिडा काही फुलपाखरासारखा तुम्हाला लांबून बघून उडत नाही, अंतराची तुम्हाला गरजच नाही. पान तोडून सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून काढा. कागदावर फूल झटकलं की फुलकिडे खाली पडतात, तसेच काढा. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. तज्ज्ञाला सुंदर फोटो नको, आकार कळला पाहिजे.

हिप्परगेकर

आणि दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग आधी घ्या, ते क्लोजअप काचेपेक्षा कितीतरी स्वस्त. फोटो काढायच्या आधी डोळ्याला दिसलं पाहिजे. आपल्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासूनचं. सोलापूरला याल तेव्हा नमुना पिशवीत घालून तिथं विचारा. फोटोपेक्षा प्रत्यक्ष फांदी लवकर बोलते.

डाळिंबबाग

धन्यवाद साहेब. भिंग आजच मागवतो. काच भाच्याच्या गळ्यात मारतो.

हिप्परगेकर

आता एक सक्त सूचना, सगळ्यांनाच. माळावर दगड उलटून फोटो काढू नका. आपल्या मुरमाड माळावर फुरसं असतं, रंग मातीचा, आकार हातभर, आणि ते पळत नाही, वेटोळं करून अंग घासत बसतं. त्याचा फोटो पाहिजेच असला तर क्लोजअप काच काढून खिशात टाका. ५५-२५० आयएस टू नुसतीच १.१ मीटरवरून ०.३१ पट देते, म्हणजे सात सेंटिमीटरची फ्रेम. फुरशाचं डोकं त्यात आरामात बसतं. तेवढंही जवळ जायची गरज नाही, फोटो नंतर घरी कापा. पोटावर झोपायच्या आधी काठीनं गवत हलवा. बूट घाला, चपला नको.

दुसरं, नान्नजला माळढोक अभयारण्यात जाणार असाल तर वनविभागाची परवानगी काढून जा, आणि आत वाट सोडून किड्यांच्या मागं गवतात शिरू नका. जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत तिथं. रुईची झाडं शहराच्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर आहेत. प्लेन टायगरची काळी-पिवळी-पांढऱ्या पट्ट्यांची अळी, कोश, फुलपाखरू, सगळं तिथंच मिळतं. त्यासाठी अभयारण्य कशाला?

आणि किडे फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका. थंडीत सूर्य उगवायच्या आधी हिप्परग्याच्या काठाला या, टाचण्या दवानं जड होऊन गवताच्या काडीला धरून बसलेल्या असतात. फ्रीज फुकट आहे.

चाटीगल्ली

काका, थंडीत सूर्य उगवायच्या आधी आम्हीपण गोधडीला धरून बसलेलो असतो.

एक खरा प्रश्न. ट्रायपॉड लागतो का? मी खडीक्रशरच्या मागंमागं माझी पण खरेदी करून घेतोय.

गवती_चहा

हिंडत्या किड्याला ट्रायपॉड काय कामाचा, पाय पसरेपर्यंत तो पुढच्या झाडावर. एक पाय, म्हणजे मोनोपॉड, किंवा सरळ काठी डाव्या हातात लेन्ससकट धरायची. जमिनीलगत काढायला बीनबॅग. मी जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्याची पिशवी शिवून त्यात ज्वारी भरली होती. महिन्याभरात ज्वारीला सोंडे झाले. मग सोंड्यांचेच फोटो काढले, १५० लावून, बरे आले. आता थर्माकोलचे दाणे भरलेत.

आयएस चालू ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. एकास एकच्या आसपास त्याचा जोर निम्मासुद्धा राहत नाही, कारण तिथं हात डुगडुगण्यापेक्षा आपण पुढं-मागं हलतो तो दोष जास्त, आणि तो आयएसला कळतच नाही.

सध्या_पुण्यात

ठीक आहे, मीही रचनात्मक काही देतो. कुणी वापरलेली लेन्स घेणार असेल तर. मागचं-पुढचं झाकण काढा, अपर्चर उघडं ठेवा, एका बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, सोडून द्या. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, फोटोत येत नाहीत. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्सला हे जास्त काळजीनं करा, सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशी कमी, धूळ जास्त. झूम फिरवताना खरखर आली तर वाळू शिरलीय. विकणारा 'लेन्स एकदम मिंट' म्हणाला की टॉर्चची बॅटरी आधी चार्ज करून जायचं.

आणि खडीक्रशर, सहा महिन्यांनी मॅक्रो घेतलीत तर मला सांगा. मी चहा पाजेन.

खडीक्रशर

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत टाकलाय. डीसीआर-१५० मागवली, आली, लावली. हॉट शूत मधली पिन नाही, गवती_चहा यांनी वाचवलं. टीटीएलवाला फ्लॅश दुकानात पेटवून मगच घेतला. फोम फ्रीजच्या खोक्यातला. दोन्ही मिळून बजेटमध्ये बसलं.

पहिलं निरीक्षण: किडा सापडायलाच वेळ लागतो. २५० वर डोळा लावला की समोर नुसता रंग. आधी झूम शंभरच्या आसपास ठेवून किडा धरायचा आणि मग आत जायचं, अंतर बदलत नाही म्हणून हे जमतं. हे भिंगवाला यांनी लिहिलेलं मला लावल्यावर कळलं. दुसरं, उजवा कोपर गुडघ्यावर टेकवला की निम्मी हालचाल जाते.

वनविहारात एक उडी मारणारा कोळी मिळाला, चार डोळे समोरून. माशी धरून बसला होता म्हणून हलला नाही. माशीच्या पंखाची शीर न् शीर दिसते. कोळ्याचे मागचे पाय धूसर आहेत, एफ/११ होतं. पुढच्या वेळी १६.

प्लेन टायगर अजून एकवीस सेंटिमीटरपर्यंत येऊ देत नाही. ५००डी साठी पैसे साठवायला घेतलेत.

रुईचं_फूल

कोळी सुरेख असणार, इथे टाका ना. टायगरसाठी सकाळी साडेआठच्या आत जा, पंख तापवायला उन्हात पसरून बसतो तेव्हा. आणि समोरून जाऊ नका, बसकण मारून बाजूनं सरकत जा. तुमची सावली पश्चिमेला पडते हे लक्षात ठेवा.

नवा_शटर

धागा वर काढतोय. माझ्याकडे निकॉन डी३१०० आहे, नुसती किटची १८-५५. वरचं सगळं वाचून लांब झूम आणि १५० घ्यायची ठरवलंय. ऑनलाइन ७०-३०० एएफ-पी स्वस्तात दिसतेय, ५५-२०० व्हीआर पण आहे वापरलेली. ३०० वाली घेतो, जास्त मोठं येईल ना?

भिंगवाला

थांबा! एएफ-पी वाली डी३१०० वर फोकसच होत नाही, ऑटो नाही आणि मॅन्युअलही नाही, कारण तिची रिंगसुद्धा विजेवर चालते. ५५-२०० व्हीआर घ्या. तोंड ५२ चं, रेनॉक्सची क्लिप बसते, २०० वर ०.९६ पट मिळतं. घ्यायच्या आधी सध्या_पुण्यात यांचा टॉर्चवाला प्रतिसाद वाचा.